बिअर कोणत्या कॉलममध्ये लिहायची?

गेल्या वर्षी कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये माझं वजन ८९ किलो भरलं. उंची पाच फूट सात इंच, वय २८. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर शेवटी एक ओळ होती : फॅटी लिव्हर, ग्रेड वन. डॉक्टरांनी विचारलं, “ड्रिंक्स?” मी म्हणालो, “कधीतरी.” त्यांनी तसं लिहून घेतलं.

घरी आलो आणि इंजिनिअर माणूस करतो तेच केलं. स्प्रेडशीट उघडली. दिवसाचं बजेट १८०० कॅलरी. पोळी, भाकरी, वरण, भात, चहा, प्रत्येकाची ओळ, प्रत्येकाचा आकडा. सगळं सुरळीत चाललं होतं, शुक्रवार येईपर्यंत.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही चौघं बसतो. कॉलेजपासूनचा नियम आहे. प्रश्न असा आला की बिअर कोणत्या कॉलममध्ये लिहायची? कार्बोहायड्रेट? फॅट तर नाही. प्रोटीन नाममात्र. बाटलीवर अल्कोहोलची टक्केवारी होती, कॅलरी लिहिलेल्या नव्हत्या. मग हिशेब केला. ६५० मिलीची स्ट्राँग बाटली, आठ टक्के, म्हणजे ५२ मिली अल्कोहोल. वजनात साधारण ४१ ग्रॅम. एका ग्रॅमला सात कॅलरी, म्हणजे २८७. उरलेल्या कार्बोहायड्रेटचे धरून बाटली साधारण ३८० ला पडते. माइल्ड घेतली तर २७० च्या आसपास.

दोन स्ट्राँग म्हणजे ७६०. १८०० तून वजा केले की उरतात १०४०. मग शुक्रवारी सकाळचे पोहे बंद, दुपारी काकडी-टोमॅटो आणि ताक, रात्रीचं जेवण रद्द. बजेट जुळलं. चखण्याची ओळ मी शीटमध्ये घातलीच नाही. मसाला शेंगदाण्याचा आकडा शोधून काढला होता, पण तो बघून टॅब बंद केला.

पण त्या हिशेबातला एक आकडा डोक्यात राहिला. सात. एका ग्रॅम अल्कोहोलला सात कॅलरी. हा आकडा कुणी काढला? कसा काढला? आपण जो डेटा डोळे झाकून वापरतो, तो कुठून आला हे बघायची मला खोड आहे. ती खोड मला दीडशे वर्षांपेक्षा मागे घेऊन गेली.

जिना उलटा उतरणारा माणूस

डाएट या गोष्टीचा पहिला सुपरहिट लेखक डॉक्टर नव्हता. तो लंडनमध्ये अंत्यविधीची व्यवस्था करणारा व्यावसायिक होता. नाव विल्यम बँटिंग. साधीसुधी मंडळी नव्हेत ही. ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या अंत्ययात्रेचं काम याच घराण्याच्या फर्मकडे होतं.

ऑगस्ट १८६२ मध्ये बँटिंगचं वय होतं ६५ च्या पुढे, उंची पाच फूट पाच इंच आणि वजन २०२ पौंड, म्हणजे जवळजवळ ९२ किलो. बुटाची नाडी बांधता येत नव्हती. गुडघ्यांवर भार येऊ नये म्हणून तो जिना उलटा उतरायचा. वजन उतरवायला त्याने सगळं करून पाहिलं होतं : व्यायाम, औषधं, वाफेची स्नानं. काही उपयोग नव्हता.

शेवटी तो ऐकू कमी येतं म्हणून कानाच्या डॉक्टरकडे गेला. विल्यम हार्वी हे त्या डॉक्टरचं नाव. (रक्ताभिसरण शोधणारा हार्वी हा नव्हे, तो दोनशे वर्षं आधीचा.) या हार्वीने पॅरिसमध्ये क्लोद बर्नारची व्याख्यानं ऐकली होती. यकृत साखर तयार करतं हा बर्नारचा शोध. ते ऐकून हार्वीच्या मनात साखर, पिष्ट पदार्थ आणि लठ्ठपणा यांची सांगड बसली होती. त्याने बँटिंगला सांगितलं : पाव, लोणी, दूध, साखर, बटाटे आणि बिअर सोड.

या यादीत बिअर आहे, हे लक्षात घ्या. त्या काळच्या इंग्रज घरात बिअर ही शुक्रवारची चैन नव्हती. बँटिंग जेवणात मांस, बिअर, भरपूर पाव आणि पेस्ट्री घ्यायचा. आपल्याकडे पानात ताकाची वाटी असते तशी त्याच्याकडे बिअर.

वर्षभरात तो ४६ पौंड उतरला. २१ किलो! १८६३ मध्ये त्याने स्वतःच्या खर्चाने एक छोटी पुस्तिका छापली आणि सुरुवातीला ती फुकट वाटली. ती इतकी गाजली की बँटिंग हे आडनाव क्रियापद झालं. ‘तू बँट करतोस का?’ म्हणजे ‘डाएटवर आहेस का?’ स्वीडिश भाषेत वजन उतरवण्याला आजही ‘बांटा’ म्हणतात.

पुस्तिकेतला आहार वाचताना मी एका जागी थांबलो. दुपारच्या जेवणासोबत दोन-तीन ग्लास क्लॅरेट, शेरी किंवा मदिरा वाइन. रात्रीच्या जेवणासोबत पुन्हा एक-दोन ग्लास क्लॅरेट. आणि झोपण्यापूर्वी वाटलं तर एक ग्लास जिन, व्हिस्की किंवा ब्रँडी, पाणी घालून, साखर न घालता. बंद काय? शॅम्पेन, पोर्ट आणि बिअर.

म्हणजे जगातल्या पहिल्या गाजलेल्या डाएटने दारू सोडायला सांगितलीच नव्हती. दारूतली साखर सोडायला सांगितली होती. हार्वीच्या हिशेबात अल्कोहोलला कॉलमच नव्हता. जे मोजलं जात नाही, ते फुकट! माझ्या मसाला शेंगदाण्यांसारखं.

तांब्याची पेटी

अल्कोहोलला कॉलम मिळवून दिला तो विल्बर ॲटवॉटर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने. कनेक्टिकट राज्यातल्या मिडलटाउन गावी वेस्लियन विद्यापीठात तो प्राध्यापक होता. आधी जर्मनीत जाऊन, म्युनिकच्या कार्ल फॉइटच्या प्रयोगशाळेत काम शिकून आला होता. १८८७ मध्ये एका लोकप्रिय मासिकात लेखमाला लिहून त्याने अन्नाची ‘कॅलरी’ अमेरिकन वाचकांच्या ओळखीची केली.

१८९० च्या दशकात त्याने भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड रोझासोबत एक यंत्र उभारलं. यंत्र म्हणजे एक खोली. आतून तांब्याची, माणूस जेमतेम झोपू शकेल एवढी. आत एक घडीची खाट, खुर्ची, टेबल. एका छोट्या झरोक्यातून अन्न आत जायचं. नळ्यांमधून फिरणारं पाणी आतली उष्णता वाहून न्यायचं आणि त्या पाण्याचं तापमान मोजलं जायचं. आत गेलेला घास, बाहेर आलेली हवा, मलमूत्र, उष्णता, सगळ्याचा ताळा. माणूस चारचार दिवस त्या पेटीत राहायचा.

मी सर्व्हर मॉनिटरिंगचं काम करतो. इनपुट, आउटपुट, हीट. ॲटवॉटरने माणसाला रॅकवर चढवून मॉनिटर केलं होतं! आज प्रत्येक डाएट ॲपमध्ये असलेले आकडे, म्हणजे कार्बोहायड्रेट चार, प्रोटीन चार, फॅट नऊ, हे त्याच्या कामातून आले. माझा सातही तिथलाच.

सातसाठी त्याने पेटीतल्या माणसांना दिवसाला साधारण ७२ ग्रॅम अल्कोहोल दिलं, सहा भागांत विभागून. क्लॅरेटच्या एका बाटलीत असतं तेवढं. तेवढ्या कॅलरीचं दुसरं अन्न कमी केलं. निष्कर्ष स्पष्ट होता. अल्कोहोलचा ९८ टक्क्यांहून अधिक भाग शरीरात जळतो आणि त्यातून ऊर्जा मिळते. म्हणजे ते इंधन आहे.

यावर गदारोळ झाला. त्या वेळी अमेरिकेत दारूबंदीची चळवळ जोरात होती. महिलांच्या एका मोठ्या संघटनेच्या रेट्यामुळे शाळाशाळांत मुलांना शिकवलं जात होतं की दारू हे निव्वळ विष आहे, अन्न मुळीच नाही. ॲटवॉटर स्वतः मेथडिस्ट पाद्र्याचा मुलगा. पण त्याचं म्हणणं होतं की मुलांना संयम शिकवायचा तर खोटं विज्ञान सांगून शिकवू नका. चळवळीने त्याच्यावर टीकेची झोड उठवली. दुसऱ्या बाजूला दारूवाल्यांनी त्याचे निष्कर्ष जाहिरातीत वापरायला सुरुवात केली. बिचारा दोन्हीकडून सापडला.

मला इथे हसू आलं, मग जरा ओशाळायला झालं. कारण शीटमध्ये सात लिहून मी दारूवाल्यांच्याच बाजूला बसलो होतो. ॲटवॉटरने एवढंच सिद्ध केलं होतं की अल्कोहोल जळतं. ते पोळीच्या जागी ठेवा, असं त्याने म्हटलं नव्हतं. शीटमध्ये मात्र ४१ ग्रॅम अल्कोहोल आणि तीन पोळ्या एकसारख्याच दिसत होत्या. दोन्हींच्या पुढे नुसता आकडा.

मोजायला शिकलेला देश, बिअर नसलेला देश

कॅलरी प्रयोगशाळेतून स्वयंपाकघरात आणली ती लूलू हंट पीटर्स या लॉस एंजेलिसच्या डॉक्टरबाईंनी. १९१८ मध्ये त्यांचं डाएटवरचं पुस्तक आलं आणि लाखांनी खपलं. त्यांनी स्वतः वजन उतरवलं होतं. त्यांचा सल्ला असा : पावाचा एक तुकडा म्हणू नका, पावाच्या शंभर कॅलरी म्हणा. आज आपण जेवणाच्या ताटाकडे जसं बघतो, ती नजर या बाईंनी घडवली.

पण पुस्तक आलं आणि दोनच वर्षांत, १९२० मध्ये, अमेरिकेत देशव्यापी दारूबंदी आली. ती १९३३ पर्यंत टिकली. म्हणजे कॅलरी मोजायला शिकलेल्या पहिल्या पिढीच्या तक्त्यात बिअर कुठे बसवायची, हा प्रश्न निदान कायद्याने तरी उरला नव्हता. तो प्रश्न पुढे ढकलला गेला. आमच्याकडे बग ‘नेक्स्ट स्प्रिंट’मध्ये टाकतात तसा.

कमी भरणारं पोट

तो बग सोडवला ब्रुकलिनच्या ऱ्हाइनगोल्ड ब्रुअरीतल्या जोसेफ ओवेड्स या बायोकेमिस्टने.

बिअर कशी बनते ते आधी थोडक्यात. मोड आणून वाळवलेल्या बार्लीतले एन्झाइम पिष्टाचे तुकडे करतात. लहान तुकडे म्हणजे साखर. ती यीस्ट खातं आणि अल्कोहोल बनवतं. मोठे तुकडे यीस्टला खाता येत नाहीत. ते बिअरमध्ये तसेच राहतात. त्यांना डेक्स्ट्रिन म्हणतात. बिअरला दाटपणा आणि बऱ्याच कार्बोहायड्रेट कॅलरी या डेक्स्ट्रिनमुळे येतात.

ओवेड्सने एक जादा एन्झाइम वापरला. तो मोठ्या तुकड्यांचेही लहान तुकडे करायचा. आता यीस्ट सगळंच खाऊ लागलं. कार्बोहायड्रेट जवळजवळ संपले. पण नीट बघा : जेवढी साखर जास्त खाल्ली, तेवढं अल्कोहोलही जास्त झालं. मग पाणी घालून ते खाली आणायचं. झाली लाइट बिअर.

१९६७ मध्ये ही बिअर ‘गॅब्लिंगर्स’ नावाने, डाएट बिअर म्हणून बाजारात आली आणि आपटली. डाएट बिअर कोण पिणार? डाएट करणारे बिअर पीत नव्हते आणि बिअर पिणाऱ्यांना डाएट हा शब्द नको होता. त्याच सुमारास शिकागोच्या मायस्टर ब्राऊ कंपनीने ‘लाइट’ काढली. तिचंही फार काही झालं नाही. १९७२ मध्ये तो ब्रँड मिलर कंपनीने घेतला.

मिलरची मालकी तेव्हा फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीकडे होती. याच कंपनीने बायकांची म्हणून विकली जाणारी मार्लबोरो काउबॉयच्या तोंडात दिली होती. बिअरलाही तोच उपाय केला. १९७५ मध्ये मिलर लाइट देशभर आली तेव्हा जाहिरातीत डाएटचा उल्लेख मागे पडला होता. निवृत्त खेळाडू, धिप्पाड पुरुष, एकमेकांशी हुज्जत घालताना : एक म्हणतो चव झकास आहे, दुसरा म्हणतो पोट कमी भरतं.

‘पोट कमी भरतं’ हे वाक्य पुन्हा वाचा. वजन उतरवणाऱ्याला पोट भरलेलं हवं असतं. पोट कमी भरावं, ही गरज फक्त एकाच माणसाची असते : ज्याला अजून प्यायची आहे. वजन कमी करायला शोधलेली बिअर शेवटी जास्त पिता येते म्हणून खपली. आणि अशी खपली की २००१ पर्यंत अमेरिकेतली सर्वांत जास्त विकली जाणारी बिअर लाइट होती.

आता हिशेब. ३५५ मिलीच्या नेहमीच्या बिअरमध्ये साधारण १५० कॅलरी, त्यातल्या ९८ अल्कोहोलच्या. लाइटमध्ये ९६ कॅलरी, त्यातल्या ८० च्या वर अल्कोहोलच्या. म्हणजे जे काढलं ते मुख्यतः कार्बोहायड्रेट. अल्कोहोल जवळपास तिथेच. दोन नेहमीच्या प्यायलात तर ३००. ‘लाइटच आहे’ म्हणून तीन प्यायलात तर २८८. वाचल्या बारा कॅलरी. पोटात अल्कोहोल मात्र आधीपेक्षा जास्त.

हार्वीने १८६२ मध्ये बँटिंगला जे केलं, तेच कारखान्याने शंभर वर्षांनी केलं. साखर काढली, अल्कोहोल ठेवलं आणि त्याला डाएट म्हटलं.

शीट बरोबर होती

आता माझ्या शीटचा निकाल सांगतो, कारण तो लपवणं बरोबर नाही. शीट चालली. तीन महिन्यांत वजन ८९ वरून ८४ वर आलं. बिअर न सोडता!

आकड्यांचं गणित खरंच आहे. २०११ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यातला एक पत्रकार ख्रिस्ती उपवासाच्या ४६ दिवसांत फक्त बिअर आणि पाण्यावर राहिला. जुन्या काळचे जर्मन मठवासी दाट बिअरवर उपवास काढायचे असं सांगतात, ते त्याला करून पाहायचं होतं. त्याचं वजन ११ किलोंहून जास्त उतरलं. कमी कॅलरी गेल्या, वजन उतरलं. कृपा करून हे घरी करू नका. सांगायचं एवढंच की ॲटवॉटरची पेटी खोटं बोलत नव्हती.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. मी खुशीत होतो. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि विचारलं, “वजन तर छान उतरलंय. मग लिव्हरचे आकडे का वाढलेत?”

मी गप्प.

“तुम्ही नक्की कधीतरीच घेता ना?”

मग मी फोन काढला आणि शीटच दाखवली. त्यांनी शुक्रवारच्या ओळी पाहिल्या. शनिवारच्याही होत्या. ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले, “तुम्ही हिशेब वजनाचा लिहिलाय. मी विचारतोय लिव्हरचा.”

त्यांनी समजावलं ते असं. पोळी खाल्ली तर शरीर ती साठवू शकतं, उद्यावर टाकू शकतं. अल्कोहोल साठवायला शरीरात जागाच नाही. ते आधी संपवावं लागतं आणि त्याचं बहुतेक काम लिव्हरच्या अंगावर पडतं. बाकी सगळं रांगेत मागे. हायेस्ट प्रायॉरिटी इंटरप्ट!

घरी येऊन शोधलं तर १९९२ मधला एक प्रयोग सापडला. स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी आठ निरोगी पुरुषांना अशाच एका मोजमापाच्या खोलीत ठेवलं. ॲटवॉटरच्या पेटीची ही पणती म्हणायची. त्यांच्या आहारात अल्कोहोल घातलं, एकदा जादा म्हणून आणि एकदा दुसऱ्या अन्नाच्या बदल्यात. दोन्ही वेळा दिवसभरात चरबी जळण्याचं प्रमाण साधारण एक तृतीयांशाने घटलं. अन्नाच्या बदल्यात दिलं, तरीही! माझी पूर्ण शीट ‘बदल्यात’ या शब्दावर उभी होती.

माझी चूक बेरजेत नव्हती. पोहे, डाळ, ताक कमी करून मी त्या जागी असं काहीतरी ठेवलं होतं, ज्यात ऊर्जा होती आणि बाकी फारसं काही नव्हतं. आणि जे अवयव म्हणून आधीच दमलं होतं, त्याच्यावरच ओझं टाकलं होतं. रिकाम्या पोटी अल्कोहोल रक्तात लवकर चढतं हे तर वेगळंच.

त्या दिवसांत आई साताऱ्याहून राहायला आली होती. तिने शुक्रवारचा प्रकार दोनदा पाहिला. भाकरी, पिठलं, ठेचा झाकून ठेवलेलं आणि मी ‘भूक नाही’ म्हणत बूट घालतोय. दुसऱ्या खेपेला ती म्हणाली, “पितोस ते कळतं मला. पण पोटाचं काढून पितोस, ते नको करू रे.”

तिला कॅलरी माहीत नाहीत. पण बँटिंगपासून मिलरपर्यंतच्या शंभराहून अधिक वर्षांत सगळ्यांनी कॉलम बदलून पाहिले, आणि तिने एका वाक्यात हिशेबातली चूक दाखवली.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून सहा महिने पूर्ण बंद ठेवली. शुक्रवारी बसायला जातो अजूनही. लिंबू सोडा मागवतो. पहिले दोन आठवडे पोरांनी चिडवलं, मग विसरले. लिव्हरचे आकडे खाली आलेत, वजन ८२ आहे.

शीट अजून आहे. फक्त आता तिच्यात बिअरसाठी वेगळा कॉलम आहे, कॅलरीच्या बेरजेत न येणारा. सध्या त्यात शून्य आहे. पुढे कधी तिथे आकडा आलाच, तर तो जेवणातून वजा करायचा नाही, एवढा एक नियम वर लिहून ठेवलाय.

आणि हो, मसाला शेंगदाण्याची ओळ घातली.